अस्सल कागद आणि मागाहूनचे लेखन

आपल्या ज्ञातीत घराण्यांचे वृत्तांत लिहिण्याची हौस सांप्रत वाढली आहे, ही गोष्ट स्तुत्यच होय. परंतु बरेचसे वृत्तांत एकावरून दुसरा असे उतरविलेले आढळतात. चार पुस्तकांत एकच गोष्ट छापलेली दिसली की ती चार वेळा सिद्ध झाली, असे आपण समजतो. वस्तुतः चौघांनी ती एकाच जागेवरून उचलली असेल, तर साक्षीदार एकच.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच पाहा. उत्तरकालीन बखरींवर विसंबून इ. स. १६२७ हे जन्मवर्ष दीर्घकाळ मानले गेले. त्यांपैकी मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर सुमारे १८० वर्षांनी लिहिलेली. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. महाराजांच्या पदरच्या परमानंद कवीच्या संस्कृत ‘शिवभारता’तही तीच तिथी आहे. एक देशमुखी घराण्याचे टिपण, दुसरे दरबारी काव्य. दोहोंची जातकुळीच निराळी, म्हणून त्यांच्या एकवाक्यतेस मोल. महाराष्ट्र शासनही आज हीच तारीख पाळते.

मात्र समकालीन म्हणजे निःपक्षपाती नव्हे. परमानंद आश्रित कवी. तिथीपुरता त्याचा शब्द घ्यावा, पराक्रमाची वर्णने हात राखून घ्यावीत. उलट चिटणिसांची बखर जन्मतिथीस दुबळी असली, तरी त्यांच्या काळी साताऱ्यास महाराजांविषयी काय सांगत असत, या प्रश्नाला तीच अस्सल साधन ठरते! कागदाची योग्यता आपण त्यास काय विचारतो यावरही अवलंबून असते.

आता आपल्या घरांकडे वळू. ‘अमुक राजाने पूर्वजांस गाव इनाम दिले’ ही कथा बहुतेक घरी ऐकू येते. सनद, महजर, निवाडपत्र असेल तर त्यातील तिथी, शिक्का व साक्षीदारांची नावे वृत्तांतात जशीच्या तशी द्यावीत. नसेल तर ‘घरी असे सांगतात’ एवढेच लिहावे. त्यात घराण्यास कमीपणा मुळीच नाही. दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून जुने रुमाल खाली येतात आणि मोडी वाचता येत नाही म्हणून रद्दीत जातात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून अशाच घरांतून कागद मिळविले होते. रुमाल सोडलाच, तर कागदांचा क्रम मोडू नये, मूळ कागदावर काही लिहू नये, आणि तो कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत होता हे निराळ्या चिठीवर टिपून ती चिठी रुमालातच बांधावी.