महेशचंद्रांचा हरलेला डाव

मे १८५५, कलकत्ता. पटाच्या एका बाजूला जॉन कॉक्रन. जन्माने स्कॉटिश, पेशाने बॅरिस्टर, बुद्धिबळ हौसेचं. समोर महेशचंद्र बॅनर्जी, बंगालच्या एका खेड्यातले. ‘हा ब्राह्मण कधी हरलाच नाही’ अशी ख्याती ऐकून क्लबच्या एका सभासदाने त्यांना शोधून काढलं होतं.

कॉक्रनने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. (साहेबाच्या पटावर तिथे राणी असते, आपल्याकडे वजीरच.) त्या काळच्या रिवाजाप्रमाणे समोर तसंच प्यादं रोवायचं. महेशचंद्रांनी घोडा काढला. मग राजाच्या बाजूच्या घोड्याचं प्यादं एकच घर पुढे केलं आणि त्या रिकाम्या घरात उंट नेऊन बसवला. तिथून त्याची तिरकी नजर थेट पटाच्या मध्यावर! मधली घरं समोरच्याला खुशाल घेऊ द्यायची, मग बगलेतून त्यांवर घाव घालायचा. आठव्या खेळीला वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं धावलं, ते त्यासाठीच.

जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. तिथे मध्यावर झडप घालता येत नाही, मोहरी सावकाश मांडावी लागतात. तीच सवय घेऊन महेशचंद्र या पटावर बसले असावेत, असं मला वाटतं.

डाव मात्र ते हरले. सतराव्या खेळीला त्यांनी समोरचा उंट मारला आणि कॉक्रनचा घोडा राजाच्या दाराशी घुसला. पुढे तीन खेळ्यांत मात अटळ होती: राजा कोपऱ्यात गेला तर वजीर बळी द्यायचा, की आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोडा मात देतो.

१९२२ साली ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच मांडणी खेळून व्हिएन्नात अलेखाइनला हरवलं. आज ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून ओळखली जाते. कॉक्रनच्याही नावाचा गॅम्बिट आहे, आणि तो त्याने १८४८ साली खेळला तोही महेशचंद्रांविरुद्धच! महेशचंद्रांच्या वाट्याला आला तो नुसता ‘इंडियन’ हा शब्द. त्यांच्याच खेळावरून तो पडला; १८८४ पासून छापील सापडतो. पुढे ‘किंग्ज इंडियन’, ‘क्वीन्स इंडियन’ आले. निम्झोविचला तर जोडनावात जागा मिळाली, ‘निम्झो-इंडियन’. ‘बॅनर्जी-इंडियन’ काही झालं नाही. आपण आपल्यापुरतं तसं म्हणायला काय हरकत आहे?