उत्तर देण्याचा अपराध

लैंगिक शिक्षण हें पश्चिमेकडून अलीकडे आणलेलें खूळ आहे, असें म्हणणारे लोक सुशिक्षित घरांतूनहि पुष्कळ भेटतात. त्यांच्या समाधानासाठीं आपल्याच इतिहासाचें एक पान उलटून पाहणें अवश्य आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजांत ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. मेरी स्टोप्स यांचें लंडनमधील केंद्रहि त्याच वर्षीं निघालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या बाबतींत आपण कोणाच्या मागें नव्हतों, हें कळून येईल. परंतु कॉलेजच्या चालकांस हा प्रचार रुचला नाहीं. प्रचार सोडावा कीं नोकरी सोडावी असा पेंच पडला, तेव्हां १९२५ सालीं कर्व्यांनीं नोकरी सोडली.

वर्गाचें दार असें बंद झालें, पण शिक्षक कांहीं गप्प बसला नाहीं. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक काढलें, आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षें, तें पदराला खार लावून चालविलें. वाचकांच्या शंकांस दिलेलीं उत्तरें हा या मासिकाचा गाभा होय, असें आम्हांस वाटतें. जें आईबापांस विचारतां येत नव्हतें आणि गुरुजींस विचारण्याची सोय नव्हती, तें लोक या संपादकास लिहून विचारीत. आणि गणिताचें उदाहरण सोडवावें तितक्या निर्विकारपणें तो उत्तर देई.

हीं उत्तरेंच अश्लील ठरलीं. १९३४ सालच्या खटल्यांत हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण यांविषयींच्या प्रश्नोत्तरांवर आक्षेप होता. कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें. लैंगिक विषयावर लिहिलेलें सर्वच अश्लील मानतां येत नाहीं, आणि वाचक शंका विचारीत असतील तर त्यांस उत्तर कां देऊं नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलिंगी आकर्षणासंबंधीं त्यांनीं हॅव्हलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. कोर्टास तें पटलें नाहीं, व कर्व्यांस २०० रुपये दंड झाला. सज्ञान व्यक्तींचे संमतीनें होणारे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजीं. म्हणजे मध्यें ८४ वर्षें गेलीं.

दंड संपादकास झाला. पण त्याची खरी झळ प्रश्न विचारणाऱ्यांस लागली. वयांत येतांना शरीरांत होणारा साधा पालट ज्या मुलास रोग वाटतो, पहिल्या पाळीचें कारण जिला कोणीं सांगितलेलें नसतें, किंवा आपलें मन चारचौघांसारखें नाहीं म्हणून जो स्वतःस अपराधी समजतो, त्यांनीं जावें कोठें?

२००५ सालीं केंद्र सरकारनें शाळांसाठीं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. कर्व्यांच्याच महाराष्ट्रानें २००७ सालीं त्यास बंदी केली. पुढें २०१२ सालीं बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१४ सालीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. कायदा झाला हें चांगलेंच झालें. परंतु ज्या मुलास आपल्या अवयवांचीं नांवेंहि उच्चारूं दिलीं नाहींत, त्यानें तक्रार करावी ती कोणत्या शब्दांत?

कर्व्यांचीं सर्वच मतें स्वीकारावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. सुप्रजननाविषयींचे त्यांचे विचार आज टिकणार नाहींत. वयास झेपेल तेवढेंच मुलांस सांगावें, ही पालकांची चिंताहि रास्त आहे. परंतु ती चिंता पाठ नीट आंखण्यास कारण व्हावी, मौनास नव्हे. मूल प्रश्न विचारल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर वर्गांत जाणत्या शिक्षकाकडून मिळावें कीं आडोशाला एखाद्या अर्धवटाकडून, एवढेंच ठरविणें वडीलधाऱ्यांच्या हातीं असतें.