सकाळी ९.३९ : एका फाइलचा घटनाक्रम

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. हा अंदाज खुद्द मायक्रोसॉफ्टचा. विमानतळांवरच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. बंद पडलेल्या हजारो सर्व्हरच्या डिस्क बाहेरून उघडून आतली एक फाइल पुसणारी माणसं मात्र फारशी कोणाच्या नजरेत आली नाहीत. त्यांचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात फेब्रुवारीपासून करावी लागते. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

१४२ दिवस आधी : २८ फेब्रुवारी

क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती आणली. हा सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या अगदी गाभ्यात चालतो. नव्या आवृत्तीत ‘नेम्ड पाइप’चा, म्हणजे प्रोग्रामांमधल्या संवादाच्या वाटेचा, गैरवापर करणारे हल्ले ओळखण्याची सोय होती. त्यासाठीच्या नियमांच्या साच्यात २१ रकाने ठरवले होते, पण त्यांना माहिती पुरवणारा कोड २०च देत होता. विसंगती एवढीच. ती कोणाच्याही लक्षात आली नाही.

१३६ दिवस आधी : ५ मार्च

साच्याची ताण-चाचणी झाली आणि तो पास झाला. त्याच दिवशी पहिला नियम ‘चॅनल फाइल २९१’मधून ग्राहकांकडे गेला. एप्रिलमध्ये आणखी तीन गेले. सगळं सुरळीत चाललं, कारण या नियमांत २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असंच लिहिलेलं होतं. तो रकाना कोणी वाचायलाच गेलं नाही. चार वेळा काही बिघडलं नाही, म्हणून पाचव्या वेळी कोणाला शंका आली नाही.

सुमारे सव्वासहा तास आधी : १९ जुलै, पहाटे

योगायोगाने त्याच पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडच्या अमेरिकेतल्या ‘सेंट्रल यूएस’ विभागात वेगळाच बिघाड झाला. एका चुकीच्या कॉन्फिगरेशन बदलामुळे स्टोरेज आणि व्हर्च्युअल मशीन यांच्यातला संपर्क तुटला. डिस्क हाती लागेना, तशी मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागली. पुढच्या संकटाशी याचा संबंध नव्हता, तरी दोन्ही गोष्टी बातम्यांत एकमेकींत मिसळल्या आणि सुरुवातीच्या तासांत नेमकं कारण शोधणं अवघड झालं.

शून्य : सकाळी ९.३९

पुण्या-मुंबईत शुक्रवारचं ऑफिस सुरू होत होतं, न्यूयॉर्कमध्ये नुकतीच मध्यरात्र उलटली होती. दोन नवे नियम रवाना झाले. त्यांतल्या एकाला २१वा रकाना खरोखरच तपासायचा होता. पाठवण्याआधी नियम पारखणाऱ्या व्हॅलिडेटरमध्येच दोष होता, त्यामुळे तो नियमही पुढे सरकला. सेन्सर २१वी किंमत वाचायला गेला आणि मेमरीत आपल्या हद्दीबाहेर पोहोचला. साधा प्रोग्राम असं करतो तेव्हा तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये हेच घडलं की अख्खी यंत्रणा कोसळते. संगणक रीस्टार्ट झाला, सेन्सरने तीच फाइल पुन्हा वाचली, पुन्हा निळा पडदा. आणि हे नियम टप्प्याटप्प्याने न सोडता एकाच वेळी सगळीकडे सोडले होते.

१ तास १८ मिनिटांनी : सकाळी १०.५७

कंपनीने फाइल मागे घेऊन दुरुस्त प्रत पाठवली. या ७८ मिनिटांत जी यंत्रं बंद होती, ती बचावली. अडकलेल्यांना दुरुस्तीचा उपयोग नव्हता. दुरुस्ती नेटवर्कवरून येणार, आणि ती घ्यायला संगणक काही क्षण तरी चालू राहायला हवा.

दुपार

भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जाऊ लागले. मुंबईतही चेक-इनच्या रांगा लांबल्या. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं की, १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. हा सायबर हल्ला नाही, असं क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी जाहीर केलं. तोवर उपायही स्पष्ट झाला होता : विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये, ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरात जा आणि ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी सिस फाइल पुसा.

उपाय एका ओळीचा, पण तो करायचा कुठून? लॅपटॉप असेल तर कोणीतरी त्याच्यासमोर बसून सेफ मोडमध्ये शिरू शकतं. क्लाउडमधल्या सर्व्हरसमोर बसायला जागाच नसते.

संध्याकाळ : डिस्क उघडली जाते

अशा सर्व्हरची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, डिस्क ही शेवटी एक मोठी फाइल असते, कुठे व्हीएचडीएक्स, कुठे व्हीएमडीके, कुठे क्यूकाऊ२. क्लाउडमध्ये ती स्वतंत्र व्हॉल्यूम म्हणून दिसते. मशीन सुरू होत नसलं, तरी ही डिस्क धडधाकट असते. म्हणून मार्ग ठरला : मशीन पूर्ण बंद करा, आधी डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या, डिस्क डिटॅच करून चालू असलेल्या दुसऱ्या मशीनला जोडा, आतली फाइल पुसा, डिस्क सोडवून पुन्हा मूळ जागी लावा. अ‍ॅझ्युअरच्या दुरुस्ती आज्ञेत आणखी सुरक्षित वाट होती. तिथे मूळ डिस्कच्या प्रतीवर काम करून शेवटी दोन्हींची अदलाबदल करता येते.

दमलेल्या माणसाचा घात करणारे खड्डे याच वाटेवर आहेत. जोडलेल्या डिस्कला ‘सी’ हे अक्षर मिळत नाही. सवयीने ‘सी’मध्ये गेलात, तर तुम्ही दुरुस्ती करणाऱ्या मशीनच्याच फायली पुसता. दोन्ही मशीन एकाच मूळ इमेजवरून बनली असतील, तर दोन्ही डिस्कची सही (ओळखक्रमांक) सारखी निघते आणि विंडोज जोडलेली डिस्क ऑफलाइन ठेवतं. ती जबरदस्तीने ऑनलाइन आणली, तर सही बदलते आणि डिस्क परत लावल्यावर मशीन बूट न होण्याची शक्यता असते. स्नॅपशॉटची साखळी असताना तळाची डिस्क बदलली, तर वरच्या सगळ्या प्रतींचा पाया सरकतो. आणि सर्वांत मोठा नियम : चालू मशीनची डिस्क बाहेरून लिहिण्यासाठी कधीही उघडायची नाही. दोन यंत्रणा एकाच फाइलप्रणालीवर एकमेकींना न विचारता लिहू लागल्या की डेटा बिघडतो. लिनक्सवरच्या लिबगेस्टएफएस या साधनाच्या पुस्तिकेत हा इशारा ठळकपणे दिलेला आहे. नुसतं पाहायचं असेल, तर केवळ-वाचन पर्यायच वापरावा.

रात्र

पुढची भिंत बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कूटबद्धीकरणाची. डिस्क कूटबद्ध असेल, तर ती उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. जिथे या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवल्या होत्या, तिथे आधी तो सर्व्हर उठवावा लागला. काहींनी ९.३९ पूर्वीचा बॅकअप परत आणला आणि त्यानंतरच्या नोंदी गमावल्या. काहींनी मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केलं. १५ वेळा करून जमल्याचे अनुभव मायक्रोसॉफ्टने नोंदवले आहेत. एखाद्या फेरीत कोसळण्याआधी नेटवर्क मिळे आणि दुरुस्त फाइल पोहोचे.

पुढचे दिवस

२९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के विंडोज सेन्सर पुन्हा ऑनलाइन आले. डेल्टा एअरलाइन्सने पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द केली. ६ ऑगस्टला क्राउडस्ट्राइकने कारणमीमांसा प्रसिद्ध केली. २१ आणि २० हे आकडे जगासमोर आले ते तिच्यातून.

फाइल पाठवणाऱ्यांची जबाबदारी मोठीच आहे, आणि नियम टप्प्याटप्प्याने सोडण्याची सुधारणा त्यांनी जाहीरही केली. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येक चमूसाठी धडा वेगळा आहे. बूट न होणारं मशीन म्हणजे गेलेलं मशीन नव्हे. त्याची डिस्क वाचता येते तोवर ते परत आणता येतं. फक्त त्या डिस्कपर्यंतची वाट आधी चाललेली हवी. एक फालतू व्हर्च्युअल मशीन घ्या, त्याचा स्नॅपशॉट काढा, डिस्क दुसरीकडे जोडा, एक फाइल बदला, परत लावा, मशीन सुरू होतं का ते पाहा. रिकव्हरी की त्या सर्व्हरच्या बाहेर, कागदावर का होईना, ठेवा. हा सराव एका दुपारी होतो, आणि तो चमूतल्या सर्वांत नवख्या माणसाकडूनही करून घ्यायला हवा. संकट आलं त्या वेळी ड्युटीवर तोच असू शकतो.