संथ पाण्यातली वीज

1886 साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतल्या कानश्टाट गावाजवळ नेकार नदीत एक होडी उतरवली. होडीत त्यांचं नवं पेट्रोल इंजिन होतं. पण पेट्रोल म्हणजे भडका, अशी लोकांची समजूत होती. तेव्हा डाइमलरनं होडीच्या कडेनं तारा ओढून चिनी मातीचे इन्सुलेटर लावले आणि ही विजेची होडी आहे असा देखावा केला, अशी गोष्ट सांगतात. आज बॅटरीवरची बोट घ्यायला निघालेला माणूस दहादा विचारतो, ‘मध्येच बंद नाही ना पडणार?’ तेव्हा मात्र लोकांचा भरवसा विजेवर होता, कारण विजेची होडी तोवर जुनी झाली होती.

तिचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा. पॉट्सडॅमला जन्मलेला मोरिट्झ याकोबी (गणितातला ‘जेकोबियन’ ज्याच्या नावानं आहे, त्या कार्ल याकोबीचा हा थोरला भाऊ) रशियाच्या झारच्या पैशावर विजेची मोटर बनवत होता. 13 सप्टेंबर 1838 रोजी त्यानं नेवा नदीत सुमारे आठ मीटर लांबीची, चाकाच्या वल्ह्यांची होडी चालवून दाखवली. जस्त आणि तांब्याच्या 320 जोड्यांची, 200 किलो वजनाची बॅटरी होडीच्या दोन्ही बाजूंना रचलेली. डझनभर माणसं बसलेली. वेग ताशी अडीच किलोमीटर, म्हणजे काठावरून चालणारा माणूस सहज पुढे जाईल इतका. पुढच्या वर्षी याकोबीनं ग्रोव्हची जस्त-प्लॅटिनमची बॅटरी वापरली आणि वेग ताशी चार किलोमीटरवर नेला.

ही बॅटरी परत चार्ज होणारी नव्हती. चुलीत लाकूड जळावं तसं तिच्यात जस्त खपत जायचं, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. शिवाय ग्रोव्हच्या बॅटरीतून नायट्रिक आम्लाच्या तांबूस, घसा धरणाऱ्या वाफा निघत. ‘स्वच्छ, बिनधुराची’ म्हणून आज जिचा गाजावाजा होतो, त्या होडीच्या पणजीत बसायचं तर नाकाला रुमाल लावायची वेळ होती. झारचा उत्साह टिकला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

गास्ताँ प्लाँतेनं 1859 मध्ये शिशाची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आपल्या इन्व्हर्टरमध्ये असते तीच जात. 1881 मध्ये कामीय फोरनं ती कारखान्यात बनवता येईल अशी केली, आणि तेव्हापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं विजेच्या होडीला चांगली गेली. त्याच 1881 साली पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूव्हे या हरहुन्नरी कारागिरानं सीन नदीत आपली होडी काढली. तिच्यात बॅटरी अजून जुन्या, रसायन संपलं की संपणाऱ्या पद्धतीची होती, पण जुळणी नवी. मोटर, सुकाणू आणि पंखा हे सगळं एकाच सांगाड्यात, होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं आणि काम झालं की उचलून घरी न्यायचं. आज मालवणपासून मियामीपर्यंत जिला ‘आऊटबोर्ड’ म्हणतात, ती हीच. या आऊटबोर्डचा मूळपुरुष विजेवर चालणारा होता, हे कोळीवाड्यात सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही.

लंडनमध्ये अँथनी रेकेनझॉननं 1882 मध्ये ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची लाँच थेम्सवर चालवली. 1886 च्या सप्टेंबरात त्याच्याच ‘व्होल्टा’नं डोव्हर ते कॅले आणि परत, अशी इंग्लिश खाडी एका चार्जवर पार केली. वाटेत ही लाँच इतकी आवाज न करता गेली की पाण्यावर झोपलेला एक समुद्रपक्षी कुणीतरी हातानं उचलला, असं तेव्हा छापून आलं. पुढे काय विकलं गेलं, ते मात्र खाडी पार करण्याचा पराक्रम नव्हे. विकली गेली ती शांतता.

थेम्स नदी तेव्हा लंडनच्या सुखवस्तू लोकांची रविवारची जागा होती. वाफेच्या लाँचला बॉयलर सांभाळायला वेगळा माणूस लागे, निघण्याआधी कितीतरी वेळ वाफ धरावी लागे, पांढऱ्या कपड्यांवर काजळी पडे आणि बॉयलरनं मधली सगळी जागा खाल्लेली असे. मोरिट्झ इमिशनं 1880 च्या दशकाच्या अखेरीस थेम्सवर भाड्यानं देण्याच्या विजेच्या लाँचेसचा ताफा उभा केला. त्याच्या कामात मॅग्नस व्होक होता. ब्रायटनच्या किनाऱ्यावर 1883 मध्ये विजेची छोटी रेल्वे चालवणारा हाच तो. बॅटऱ्या बाकांखाली, मधली जागा मोकळी, चालवायला एक माणूस पुरे. रेगाटाच्या दिवसांत अशा लाँचेसना मागणी असे, आणि 1888 मध्ये पाण्यात उतरलेली ‘व्हायकाउंटेस बरी’ तर सत्तर-ऐंशी माणसं घेऊन जाणारी होती.

चार्जिंगची सोय कशी होती, ते जवळून बघण्यासारखं आहे. काठावर वीज नव्हती. म्हणून इमिशनं नदीत ठिकठिकाणी तराफे नांगरले, त्यांवर वाफेचं इंजिन आणि डायनॅमो बसवला. दिवसभर फिरून आलेल्या लाँचेस रात्री या तराफ्यांना खेटून उभ्या राहत आणि सकाळपर्यंत चार्ज होत. म्हणजे धूर होताच, फक्त पाहुण्यांच्या नजरेआड आणि झोपेच्या वेळी. वीज कुठून येते, हा आजचा प्रश्न तेव्हाही असाच होता. फक्त तो विचारायचं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं.

1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, विवेकानंदांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच वर्षी, प्रदर्शनाच्या कालव्यांतून आणि तळ्यांतून विजेच्या 55 लाँचेस फिरत होत्या. त्यांनी दहा लाखांहून जास्त प्रवासी वाहिले. हौसेच्या नौकानयनासाठी विजेची बोट व्यवहार्य आहे का, या प्रश्नाचं इतकं रोकडं उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं. मार्ग ठरलेला, पाणी बांधलेलं, वेग कमी, आणि रात्री सगळ्या बोटी एकाच ठिकाणी परत.

या लाँचेस चालवणारी कंपनी म्हणजे इलेक्ट्रिक लाँच अँड नेव्हिगेशन कंपनी, पुढची ‘एल्को’. आयझॅक राइस या वकील-उद्योजकानं 1899 मध्ये एल्को आणि जॉन हॉलंडची पाणबुडी एका छपराखाली आणून ‘इलेक्ट्रिक बोट’ ही कंपनी काढली. ती कंपनी आज अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्या बांधते. नावात ‘इलेक्ट्रिक बोट’ तेवढं राहिलं. आणि रविवारच्या लाँचेस बनवणाऱ्या त्याच एल्कोनं दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल पिणाऱ्या टॉर्पेडो बोटी बांधल्या. जॉन केनेडी ज्या पीटी-109 वर होते, ती एल्कोचीच.

मधल्या काळात काय झालं, ते एका ओळीत सांगता येतं: पेट्रोल इंजिन हलकं झालं. ओले एव्हिनरूडनं अमेरिकेत 1909 पासून पेट्रोलची आऊटबोर्ड विकायला सुरुवात केली आणि त्रूव्हेची जागा दुसऱ्यानंच घेतली.

त्यामागचं गणित आजही बदललेलं नाही. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 युनिट ऊर्जा असते. त्यातली चार पंचमांश इंजिन वाया घालवतं असं धरलं, तरी दोनाच्या वर युनिट पंख्याला मिळतात. एक किलो लिथियम बॅटरीत, खोका-वायरिंग धरून, साधारण 0.15 युनिट. शिशाच्या बॅटरीत तर त्याच्याही चौथा-पाचवा हिस्सा. मोटारगाडीला या तुटीची झळ कमी बसते, कारण गाडी एकदा वेगात आली की सपाट रस्त्यावर थोडक्यात चालते, उतारावर आणि ब्रेक मारताना थोडी वीज परतही घेते. पाण्याला उतार नाही. पाणी होडीला क्षणोक्षणी मागे ढकलतं, आणि जोर काढला की होडी थोड्याच अंतरात थांबते.

पण हेच पाणी हळू जाणाऱ्यावर फार उदार आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानानं आठपट लागते. वीस फुटी होडीला पाच नॉटनं जायला दोन-तीन किलोवॉट पुरतात. तशाच लांबीची स्पीडबोट 25 नॉटनं पाण्यावरून उडवायची तर साठेक किलोवॉट सतत हवेत, म्हणजे एका तासाला 400 किलोची बॅटरी. पाच नॉटवाल्याला त्याच बॅटरीत सकाळपासून रात्रीपर्यंत फिरून येता येईल. विजेची बोट चालेल की नाही, हा सवाल म्हणून बॅटरीवाल्यापेक्षा आधी बोटीच्या मालकाला विचारावा: बाबा, तुला घाई किती?

ज्यांना घाई नव्हती, त्यांनी ही बोट जिवंत ठेवली. बव्हेरियात, आल्प्सच्या कड्यांमध्ये अडकलेलं कोनिग्झे नावाचं सुमारे आठ किलोमीटर लांब तळं आहे. तिथे 1909 पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात. तळ्याभोवतीचं रान राजघराण्याच्या शिकारीचं. इंजिनाच्या आवाजानं सावज बिथरेल, म्हणून प्रिन्स रीजंट लुइटपोल्डला इंजिनं नको होती. पर्यावरणाचा विचार यात औषधालाही नव्हता. पण नियम टिकला, शिकार गेली आणि शांतता राहिली. आजही तिथली लाकडी केबिनची लांबट बोट मधोमध थांबते, मोटर बंद होते, नावाडी तुतारीसारखं एक वाद्य काढून चार सूर वाजवतो, आणि समोरच्या कड्यावरून ते सूर परत येतात. डिझेलच्या घरघरीत हा कार्यक्रम झालाच नसता. बोटी रात्री धक्क्याला लागून चार्ज होतात, थेम्सवरच्या त्या लाँचेससारख्याच.

दुसरी शाखा मासे पकडणाऱ्यांची. 1934 मध्ये अमेरिकेतल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी छोटी विजेची ट्रोलिंग मोटर बनवली, म्हणजे गळ टाकून माशाच्या मागे हळूहळू सरकायचं यंत्र. मिनेसोटा आणि डकोटाच्या सीमेवर जन्मलेली म्हणून नाव ‘मिन कोटा’. तिसरी शाखा कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचची. तिथल्या बंदरात वेगाची मर्यादाच ताशी पाच मैल. मार्शल डफील्ड या तरुणानं 1970 च्या सुमारास गोल्फच्या गाडीची मोटर आणि बॅटऱ्या काढून बोटीत बसवल्या, आणि ‘डफी’ नावाच्या छतवाल्या बोटी बंदरभर झाल्या. संध्याकाळी चार मंडळी जेवणाचे डबे घेऊन त्यात बसतात आणि बंदरात चकरा मारतात. तंत्रज्ञान म्हणावं तर त्यात काहीच नवं नव्हतं. शिकागोचीच लाँच, फक्त लहान.

लिथियम बॅटरी आली तीही याच वळणानं. टॉर्कीडो ही कंपनी 2005 मध्ये जर्मनीत श्टार्नबर्ग इथे निघाली, कारण तिथल्या तळ्यावर इंजिनाच्या बोटीला परवाना मिळणं मुश्कील. नियमानं दार बंद केलं म्हणून आऊटबोर्ड पुन्हा विजेवर आली, त्रूव्हेनंतर सव्वाशे वर्षांनी. 2024 मध्ये ही कंपनी यामाहानं घेतली. म्हणजे पेट्रोल आऊटबोर्डच्या जगातल्या बड्या धेंडालाही आता हा धंदा दुर्लक्षून चालत नाही.

वेगाचा हव्यास धरून विजेकडे आलेले लोकही आहेत. स्वीडनच्या कँडेला कंपनीच्या सी-8 बोटीला पाण्याखाली पंख आहेत. वेग आला की अख्खी बोट पाण्याबाहेर उचलली जाते आणि पाण्याचा अडथळाच बहुतेक संपतो. 69 युनिटची, मोटारीतून घेतलेली बॅटरी, आणि 22 नॉटनं 57 सागरी मैल. अभियांत्रिकी म्हणून लाजवाब. पण किंमत काही कोटींच्या घरात, तेव्हा तूर्त लांबून बघून घ्यावी.

पैशाचं गणित हौशी मालकाला एरवीही जुळत नाही. बॅटरीचे पैसे आधी एकरकमी मोजायचे आणि इंधनाची बचत वापराप्रमाणे हळूहळू मिळवायची. ज्याची बोट वर्षातून चार-सहा रविवार पाण्यात उतरते, त्याची ही बचत बॅटरी म्हातारी होईपर्यंत पुरी होत नाही. भाड्याची बोट रोज फिरते, तिथे ती होते. केरळनं 2017 च्या जानेवारीत वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौरबोट सुरू केली, ती रोजच्या फेऱ्यांसाठी. छोटा टप्पा, संथ बॅकवॉटर, ठरलेल्या वेळा. 2023 मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो त्याच वाटेनं गेली. मुंबईच्या खुल्या समुद्रातल्या भरती-ओहोटीशी आणि पावसाळी लाटांशी या यशाची तुलना करू नये, आणि तारकर्लीच्या पॅरासेलिंगच्या बोटीला तर अजून बरीच वर्षं पेट्रोलच लागेल.

आपल्याकडे ही बोट कुठे शोभेल, याचं उत्तर मात्र नकाशावर दिसतं. कोयनेचा शिवसागर जलाशय. तापोळा-बामणोलीच्या बाजूनं पर्यटक इंजिनाच्या बोटीत बसतात, आणि वासोट्याच्या पायथ्याला पोचायला तास-दीड तास त्या घरघरीत काढतात. समोरच्या काठावर कोयना अभयारण्य, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान. गोडं पाणी, त्यामुळे तारा-जोडण्यांना समुद्राच्या मिठाचा त्रास नाही. बोटी भाड्याच्या, मार्ग ठरलेले, रात्री सगळ्या धक्क्याला. त्याच पाण्यावर धरणाच्या पलीकडे 1,960 मेगावॉटचा प्रकल्प चालतो. सगळ्या बोटी एका दिवसात बदला असं कुणी म्हणणार नाही. गावातल्या बोटवाल्यांवर कर्जाचा बोजा टाकून तर मुळीच बदलू नयेत. पण बामणोलीच्या धक्क्यावर एक भक्कम चार्जिंग जोडणी आणि बोट क्लबच्या नावानं अनुदानावर दोन बोटी, एवढी सुरुवात पर्यटन आणि वन खात्यानं येत्या हंगामात करावी.