एका गाडीची परवानगी

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना घडविला. पण ती बाजारात कधीच आली नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कारागिराने घरी बनविलेली गाडी २०२१ साली गाजली. तीही नियमांत बसली नाही.

मोटार वाहन नियमावलीचा नियम १२६ सांगतो, नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासून घ्या. कारखानदार हा खर्च हजारो गाड्यांवर वाटतो. कारागिराला तो एकाच गाडीवर सोसावा लागतो. लालबागच्या रस्त्याने पायी जाणाऱ्यासाठी ब्रेकची तपासणी हवीच. मात्र तिचे शुल्क कारागिराच्या ऐपतीचे असावे, ही मागणी न्याय्य आहे.