बारसं एका मुंगीचं

पाऊस नुकताच उघडलाय. तुमच्या खांद्याला झोळी आहे, झोळीत बुचाची काचनळी आणि नळीत बोटभर स्पिरिट. एकोणिसावं शतक सरत आलंय आणि तुम्ही उत्तर कानड्याच्या रानात उभे आहात. हा मुलूख १८६२ पासून मुंबई इलाख्यात आहे, तेव्हा वाटेत भेटलेला शिपाई मराठीत बोलला तर दचकू नका.

समोरच्या झाडाची ती वाळकी काडी पाहा. करंगळीएवढी जाड, आणि कडेला इवलंसं भोक. भुंगेऱ्याच्या अळीनं कधीतरी पोखरलेलं. काडी मोडा. आतून काळ्या, लांबट, सडपातळ मुंग्या भराभर बाहेर पडतात आणि एक थेट तुमच्या मनगटावर चढते. चिमटीत धरू नका, तिला नांगी आहे. ओल्या कुंचल्याचं टोक लावा; ती चिकटते आणि नळीत जाते.

आता भिंग काढा. ही आंब्याची पानं शिवून घर करणारी हुमली नव्हे. हुमलीच्या छाती-पोटामध्ये एकच गाठ असते, हिला दोन आहेत. झाडावर पुठ्ठ्यासारखं घरटं करणारी, डिवचली की बदामी पोट डोक्यावर उचलणारीही ही नव्हे. ही पोट उचलत नाही. डोळे लांबट, डोक्याच्या बाजूंना पसरलेले. मिशीचे सांधे मोजा. पुन्हा मोजा. बारा.

इथवर तुम्हाला घराणं कळलं. आडनाव कळलं म्हणजे माणूस कळला असं होत नाही, तसंच हे.

आडनावाचाही भरवसा धरू नका. जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरनं १८५१ मध्ये दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली. हिच्या भावकीतल्या दोन मुंग्यांना त्यानं ‘एसिटॉन’ या गटात बसवलं. एसिटॉन म्हणजे अमेरिकेच्या जंगलात फौजेसारख्या हिंडणाऱ्या मुंग्या. काडीत बिऱ्हाड करणारीला फौजेत भरती केलं! पण हसण्याआधी एक करा. तुमच्या हातातली मुंगी पाहा आणि सांगा, पूर्वी कुणी सांगितलं नसतं तर तुम्हाला काय वाटलं असतं?

ज्या साली ती यादी छापली, त्याच साली साताऱ्यात एडवर्ड हॅमिल्टन एटकेन जन्मला. तो काही काळ डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होता, आता जकात आणि मीठ खात्यात आहे. १८८३ मध्ये मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांतला तो एक. ‘ईहा’ या नावानं तो किड्यापाखरांवर खुसखुशीत लिहितो. आपल्या मुंगीच्या नावात तोच येणार आहे, म्हणून त्याची ओळख करून दिली.

आता नळी घेऊन मुंगी पारखणाऱ्याकडे निघा, आणि वाटेत मुंबईत उतरा. अपोलो स्ट्रीटवर दारूचा व्यापार करणाऱ्या फिप्सनच्या जागेत सोसायटीचं बिऱ्हाड आहे. तिथे विल्यम नावाचा गरुड धनेश बसलेला असेल. १८९४ साली पिल्लू असताना आलाय, आणि तोही आपल्या मुंगीसारखा उत्तर कानड्यातला, कारवारचा. सोसायटीच्या जर्नलात भारतातल्या मुंग्यांवर चक्क फ्रेंचमध्ये लेखमाला चालू आहे. पुण्याचे वनाधिकारी रॉटन मुंग्या गोळा करून धाडतात आणि स्वित्झर्लंडात बसलेला ऑग्युस्त फोरेल त्या पारखतो.

चला तर त्याच्याकडे. साल १९०२. फोरेल मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मनोरुग्णालयाचा अनेक वर्षं प्रमुख होता. पुढे हजार फ्रँकच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला जाईल आणि मागच्या बाजूला मुंग्या. आज मात्र तो भिंगाखाली कानड्याची काळी मुंगी धरून बसलाय. शेजारी भावकीतल्या बाकीच्या मुंग्या. हिचं डोकं तिच्याशी ताडून पाहा, हिची गाठ तिच्या गाठीशी. जी कुणाशीच जुळत नाही, तिचं बारसं होतं. आपल्याकडे आत्या नाव ठेवते. इथे आत्या स्विस आहे. नाव ठरतं ‘सिमा एटकेनी’. एटकेनच्या मानाखातर.

पुढच्याच वर्षी लंडनला बिंगहॅम नावाच्या कीटकतज्ज्ञाचं भारतीय मुंग्यांवरचं जाडजूड पुस्तक निघतं. त्यात ती सिमाच आहे.

आता घड्याळ पळवा. सिमा हे आडनाव १८६३ चं. पण स्मिथ नावाच्या कीटकतज्ज्ञानं याच घराण्याला ‘टेट्रापोनेरा’ हे नाव १८५२ मध्येच दिलेलं होतं. नियम असा की एकाच घराण्याला दोन नावं पडली तर जुनं टिकतं. सिमा पुसलं गेलं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फिलिप वॉर्ड या मुंग्यांच्या अभ्यासकानं आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या साऱ्या टेट्रापोनेरांची पुन्हा झडती घेतली. जुने नमुने काढले, मापं घेतली. काही नावं उडाली. एटकेनी टिकली.

मराठीत ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे खोड काढणं. वर्गीकरण करणाऱ्याला दोन्ही करावं लागतं, आणि दुसरं काम पहिल्याइतकंच जरुरीचं असतं. खोड काढणारं कुणी नसतं, तर काडीतली मुंगी अजून एसिटॉनच्या फौजेत असती.

परत या. पावसानंतर सह्याद्रीत फिरताना काळी, सडपातळ मुंगी एकटीच फांदीवर दिसली तर मोबाइलवर फोटो काढून लगेच नाव लावू नका. गाठी मोजा, डोळे पाहा, जमलं तर जाणकाराला दाखवा. आणि संग्रहालयाच्या चिठ्ठीवर कधी टेट्रापोनेरा एटकेनी (फोरेल, १९०२) असं वाचलंत, तर तो कंस नजरेआड करू नका. नाव ठेवणाऱ्याभोवती कंस असेल तर त्याचा अर्थ एकच असतो: बारशानंतर या मुंगीचं आडनाव बदललेलं आहे.