दुसऱ्या गियरमधला बोरघाट

पुण्या-मुंबईत बाईक असणारा माणूस आणि लोणावळा-खंडाळा हे समीकरण कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पहिला पाऊस पडला की रविवारी सकाळी निम्मं आयटी पार्क रेनकोट घालून जुन्या हायवेवर असतं. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या एक्सप्रेसवेवर आपल्याला प्रवेशच नाही. कारवाले टोल भरून सुसाट जातात, आपण आपले जुन्या रस्त्याने. मला विचाराल तर हे आपलं नशीबच. घाटाचा इतिहास कळतो तो जुन्या रस्त्यावर, आणि तोही दुसऱ्या गियरमध्ये.

इतिहास म्हणजे किती जुना? तर कार्ला-भाजे लेण्यांइतका. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच डोंगरातल्या वाटांनी वर यायचा. राजमाचीचा किल्ला उभा आहे तोही या वाटेवर नजर ठेवत. इथे तलवारीइतकीच किंमत वाटेच्या माहितीला होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन शेजारच्या कुरवंडे घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीत महाराजांनी त्याला असा कोंडला की शरण येण्यावाचून पर्याय उरला नाही. वाट कुणाला ठाऊक आहे यावर लढाईचा निकाल लागला.

मग आले इंग्रज. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आर्थर वेलस्ली १८०४ च्या सुमारास इथे होता. तोफा वर चढवायच्या म्हणून त्याने घाटाची वाट सुधारून घेतली. गाड्या धावतील असा खरा रस्ता झाला तो १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. 'गाड्या' म्हणजे अर्थातच बैलांच्या आणि घोड्यांच्या. ओझं लादलेली बैलगाडी सरळ चढ चढू शकत नाही, म्हणून रस्ता डोंगराला वळसे घेत घेत जातो. ज्या वळणांवर आपण बाईक कलती करून भाव खातो, त्यांची मूळ कल्पना बैलाचा दम टिकावा अशी होती! आमच्या धंद्यातल्या जुन्या कोडसारखंच आहे हे. लिहिणारा केव्हाच गेला, मशीन बदललं, पण लॉजिक तेच चालू आहे.

घाटाची सगळ्यात महाग गोष्ट मात्र रस्त्याची नाही, रेल्वेची आहे. १८५६ मध्ये काम सुरू झालं. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचे, २५ बोगदे खोदायचे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट चढ. आपल्या बाईकला हा चढ जाणवणारही नाही, पण रेल्वेसाठी भयंकर. एके ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने निघायचं! हा खटाटोप १९२९ पर्यंत चालला.

हे काम केलं कुणी? कागदोपत्री नावं आहेत. पहिला कंत्राटदार फाविएल. त्याच्या काळात, १८५९ मध्ये, मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला. मग आला सॉलोमन ट्रेडवेल, तो काही आठवड्यांतच आजारपणाने गेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवलं आणि २१ एप्रिल १८६३ ला मार्ग खुला झाला. त्या काळात एका बाईने हे करणं म्हणजे खरंच कमाल आहे. पण १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० माणसं या डोंगरावर राबत होती. कॉलरा, ताप, सुरुंगाचे अपघात... हजारो माणसं मेली. ट्रेडवेलचं नाव आपल्याला सापडतं. त्यांच्यापैकी एकाचंही नाही.

म्हणूनच मला शिंग्रोबाचं देऊळ फार महत्त्वाचं वाटतं. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना लागतं ते. गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, आमचा देश सोडून जा. साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोकांनी तोंडोतोंडी जपलेली गोष्ट आहे, सरकारी दप्तरातली नाही. पण तिच्या आतली गोष्ट पक्की खरी आहे: साहेबाच्या नकाशाच्या आधी ही वाट इथल्या माणसांच्या पायांना माहीत होती, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही. ट्रकवाले आजही जाता जाता तिथे नाणं टाकतात. मेलेल्या हजारोंच्या वतीने एका धनगराला मिळालेलं हे एवढंच स्मारक.

माल्कमच्या वेळचा, आपण ज्याला अमृतांजन पूल म्हणायचो तो, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या शांततेत पाडला. वाहतुकीला अडचण होत होती, ठीक आहे. पण १९० वर्षांचा दगडी पुरावा गेला तो गेलाच. आता उरला आहे रस्ता, आणि तो वापरणारे आपण. तेव्हा पुढच्या पावसात धबधब्याचे फोटो काढून झाले की शिंग्रोबापाशी दोन मिनिटं इंजिन बंद करा. पाया पडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण थांबा जरूर.